हिमालयन : जुनी की नवी?

सन २०२३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २४ तारखेस, तेरेखोलच्या खाडीपलीकडे बार्देश तालुक्यातील वागातोर येथे भरलेल्या दुचाकीस्वारांच्या मेळ्यात रॉयल एन्फील्ड कंपनीने आपल्या नव्या हिमालयन मोटारसायकलीची किंमत २ लाख ६९ हजार रुपयांपासून पुढे अशी जाहीर केली, आणि त्याच सुमारास २०१६ पासून चालत आलेल्या जुन्या हिमालयनचे दुकान या देशापुरते आवरते घेतले, तेव्हापासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तरुणांच्या, आणि तारुण्यावरचा हक्क अद्याप न सोडलेल्या काही वयस्करांच्याही, बैठकीत एक नवा वाद दाखल झाला आहे. जुनी, म्हणजे ४११ घनसेंटिमीटर इंजिनाची गाडी कोणाकडून तरी वापरलेली घ्यावी, की नवी, म्हणजे ४५२ घनसेंटिमीटरची, कर्ज काढून का होईना पण कोरी घ्यावी? या वादाचे जे निवाडे छापून येतात ते बहुधा लडाखच्या खिंडी डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात, आणि गाडीचे नावच हिमालयाचे असल्याने त्यात वावगे काही नाही. परंतु आमच्या जिल्ह्यात मोटारसायकलीला चढावयाचा मोठा चढ म्हणजे आंबोलीचा, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरांचा, आणि तिला सोसावयाची मोठी आपत्ती म्हणजे हिमवृष्टी नसून चार महिन्यांचा पाऊस व बारा महिन्यांची खारी हवा. तेव्हा येथला निवाडा येथल्याच पुराव्यावर व्हावयास हवा.

डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोहोंवर सारख्याच सहजतेने चालावी म्हणून केलेली ही मोटारसायकलीची जात तशी फार जुनी नाही. यामाहा कंपनीने १९६८ मध्ये डीटी-१ नावाची २५० घनसेंटिमीटरची हलकी गाडी अमेरिकेच्या बाजारात आणली, तिच्या यशाने या जातीला प्रतिष्ठा आली, आणि पुढे प्रत्येक जपानी कारखान्याने आपापली आवृत्ती काढली. या गाड्यांचे एक वैशिष्ट्य असे की त्यांचे मालक नव्या आवृत्तीचे स्वागत कपाळाला आठी घालूनच करतात. कावासाकीची केएलआर ६५० ही १९८७ मध्ये निघालेली गाडी वीस वर्षे जवळजवळ जशीच्या तशी विकली गेली, २००८ मध्ये तिच्यात सुधारणा झाली, आणि २०२२ च्या आवृत्तीत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, तेव्हा तिकडेही हाच प्रश्न उभा राहिला. सुझुकीने तर डीआर ६५० ही गाडी १९९६ पासून जवळजवळ न बदलता चालू ठेवून तो प्रश्न उद्भवूच दिला नाही. ज्याला घरापासून लांब, दुरुस्तीची सोय नसलेल्या ठिकाणी जावयाचे असते, त्याला नवेपणापेक्षा परिचय मोलाचा वाटतो. आपल्याकडे हीरो कंपनीने २०११ मध्ये काढलेली दीडशे घनसेंटिमीटरची इम्पल्स ही या जातीची पहिली सर्वसामान्यांच्या आवाक्यातली गाडी. तिचे कौतुक पुष्कळ झाले, विक्री मात्र बेताचीच झाली. मग मार्च २०१६ मध्ये हिमालयन आली आणि तिने बस्तान बसवले.

सिंधुदुर्गात अशा गाडीची गरज आहे की ती केवळ हौस आहे, असा प्रश्न पुणेकर पाहुणे विचारतात. त्यांना एका दिवसाच्या प्रवासाचे स्वरूप सांगावे. कणकवलीहून निघालेला मनुष्य राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या चौपदरी रस्त्यावरून कसालपर्यंत येतो, तेथून मालवणच्या वळणावळणाच्या रस्त्याला लागतो, मध्येच एखाद्या गावाकडे वळल्यावर चिरेखाणीच्या ट्रकांनी सांडलेल्या जांभ्याच्या खडीवरून जातो, पुढे सड्यावरचा उघडा, लाटेसारखा उंचसखल कातळ लागतो, आणि शेवटी वाडीत उतरावयाचे म्हणजे दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून जाणारी, पावसाने मधोमध चर पाडलेली पाणंद, तिच्या तळाशी व्हाळ, आणि व्हाळावर असलाच तर साकव. एवढे सगळे वीस-पंचवीस किलोमीटरांत. ज्या गाडीचे पुढचे चाक २१ इंचांचे आहे, जमिनीपासून पोट २२० मिलिमीटर उंच आहे आणि पुढचा शॉकॲब्सॉर्बर २०० मिलिमीटर दबतो, तिला येथे काम आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावर लवकर चढते, ही साधी भूमिती आहे. शाईनसारख्या रोजच्या वापराच्या गाडीचे १८ इंची चाक ज्या चरात अडखळते त्यावरून हे सरळ जाते. जाहिरातींत ही गाडी समुद्राच्या वाळूतून पाणी उडवीत धावताना दाखवतात, तेवढे मात्र कोणी मनावर घेऊ नये; वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि किनाऱ्यावरचे मीठ गाडीचे पुढे काय करते ते खाली येणारच आहे.

आता दोन्ही इंजिनांचा विचार करू, कारण मतभेदाचे मूळ तेथे आहे. जुन्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८६ मिलिमीटर. म्हणजे धाव व्यासापेक्षा लांब. नव्याचा व्यास ८४ आणि धाव ८१.५, म्हणजे व्यास धावेपेक्षा मोठा. या दोन आकड्यांत दोन्ही गाड्यांचा स्वभाव लिहिलेला आहे. लांब धावेचे इंजिन सावकाश फिरते; जलद फिरवू लागले की पिस्टनचा वेग अवाजवी वाढतो आणि धडधड सुरू होते, पण हळू फिरतानाही ते नेटाने ओढते. जुन्याची सर्वाधिक ओढ ३२ न्यूटन-मीटर असून ती मिनिटाला चार ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान मिळते, आणि शक्ती सुमारे साडेचोवीस अश्वशक्ती, साडेसहा हजार फेऱ्यांना. नव्याचा व्यास मोठा असल्याने डोक्यावर चार झडपा आणि दोन कॅमशाफ्ट मावतात, मिश्रण अधिक दाबले जाते (जुन्यात साडेनऊ पट, नव्यात साडेअकरा पट), इंजिन मोकळा श्वास घेते आणि आठ हजार फेऱ्यांना ४० अश्वशक्ती देते. ओढही ४० न्यूटन-मीटर, पण ती साडेपाच हजारांना. हिशेब केला तर शक्ती साठ टक्क्यांहून अधिक वाढली आणि ओढ मात्र पंचवीसच टक्के, व तीही वरच्या फेऱ्यांत सरकून. नव्याला गिअरही पाचाऐवजी सहा दिलेले आहेत, याचे कारण हेच.

याचा व्यवहारातला अर्थ असा. झारापपासून राजापूरपर्यंत महामार्गाने जावयाचे असेल, तर जुनी गाडी ताशी ८०-९० किलोमीटरांना सुखाने चालते, शंभरीला कुरकुरू लागते, आणि पुढच्या ट्रकला ओलांडताना स्वारास मनातल्या मनात बराच आधीपासून अर्ज करून ठेवावा लागतो. नवी गाडी ते काम मनगटाच्या एका वळणाने करते. उलट, जांभ्याच्या ओल्या पाणंदीत, मागे माणूस आणि पुढे टाकीवर तांदळाची पिशवी घेऊन, पहिल्या गिअरात क्लच न दाबता पायरीपायरीने वर चढावयाचे असेल, तर जुने इंजिन जवळजवळ बंद पडण्याच्या बेतात येऊनही बंद पडत नाही, आणि नवे तीन हजार फेऱ्यांच्या खाली गेले की क्लचची मदत मागते. महामार्गाची ओढ ज्याला नाही, त्याला जुन्या इंजिनाची ही जित्याची खोड हवीहवीशी वाटते. तथापि हा गुण अनेकदा फुगवूनही सांगितला जातो. नव्या गाडीचे वजन १९६ किलो आणि जुनीच्या अखेरच्या आवृत्तीचे १९९ किलो. म्हणजे नवे इंजिन, पाण्याचा रेडिएटर, १५ ऐवजी १७ लिटरांची टाकी एवढे सगळे घेऊनही ती जड झालेली नाही, आणि ज्याचा हात क्लचवर बसलेला आहे त्याला पाणंदीत ती अडचणीची होत नाही. पाय जमिनीला टेकणे हा प्रश्न मात्र वेगळा. जुनीची बैठक ८०० मिलिमीटर आणि नवीची ८२५. आमच्याकडील सर्वसाधारण उंचीच्या माणसाला त्या एका इंचाचा फरक ओल्या कातळावर, एक पाय खाली टेकवताना, चांगलाच कळतो.

नव्या इंजिनाला पाण्याने थंड ठेवण्याची व्यवस्था आहे, जुन्याला हवा आणि तेल. आंबोलीच्या घाटात पर्यटकांच्या मोटारींच्या मागे रांगेत अडकले असता पाण्याची व्यवस्था निश्चित सरस, कारण पंखा फिरून ताप बाहेर काढतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला गाडी चालती असावी लागते. पण रेडिएटर पुढच्या चाकाच्या मागे असतो आणि जांभ्याचा चिखल त्याच्या पातळ पट्ट्यांत बसून उन्हात विटेसारखा घट्ट होतो. तो रोज पाण्याने, पण दाबाच्या फवाऱ्याने नव्हे, धुवून काढावा लागतो. फवाऱ्याच्या जोराने त्या पट्ट्या वाकतात, आणि मग व्यवस्था असून नसल्यासारखी होते. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचेही तसेच. जुनीच्या पुढच्या नळ्यांवर रबराचे झालरीदार मोजे आहेत, त्यामुळे चकचकीत दांड्याला धूळ लागत नाही. नवीच्या नळ्या उलट्या बसवलेल्या, म्हणजे चकचकीत भाग खाली, चाकाशी, चिखलाच्या राज्यात. रस्त्यावर ही रचना अधिक ताठ व विश्वासार्ह वाटते हे खरे. पण जांभ्याची बारीक धूळ ऑइल सीलला काचकागदासारखी घासते, आणि सील गेले की तेल ब्रेकच्या चकतीवर येण्यास वेळ लागत नाही.

येथपर्यंत तुलना यंत्रशास्त्राची झाली. किनाऱ्यावरच्या माणसाला या सर्वांहून निकडीचा विचार करावा लागतो तो मिठाचा.

समुद्राची लाट फुटताना जे सूक्ष्म तुषार उडतात, त्यांतले पाणी वाऱ्यावर आटते आणि मीठ तरंगत राहते. दांडी, तारकर्ली, देवबाग, निवती येथे घराच्या खिडकीच्या गजांवर हात फिरवला तरी ते हाताला लागते. कोरड्या हवेत लोखंडावर पडलेले मीठ फारसे काही करीत नाही. पण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्याचा एक अदृश्य पातळ थर धातूवर तयार होतो, आणि त्या थरातून विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहू लागून लोखंड झिजू लागते. क्लोराइडचा दुष्टपणा असा की ॲल्युमिनियम किंवा क्रोमसारख्या धातूंवर आपोआप येणारे संरक्षक पापुद्रे ते ठिकठिकाणी फोडते आणि तेथे खोल टोकदार भोके पाडते. वरून दिसतो एक पांढरा ठिपका, आत गेलेले असते बोटाचे पेर. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असतील, जसा ॲल्युमिनियमच्या घरात बसवलेला पोलादी बोल्ट, तर ही झीज आणखी जोरात होते, आणि काही वर्षांनी तो बोल्ट पान्याने फिरत नाही, तुटतो. म्हणून किनाऱ्यावर मोटारसायकलीचे वय किलोमीटरांत मोजण्यात अर्थ नाही. ते पावसाळ्यांत मोजावे, आणि त्यातही ते पावसाळे समुद्रापासून किती अंतरावर काढले ते विचारावे. कोल्हापूर-साताऱ्याकडे कोरड्या हवेत पन्नास हजार किलोमीटर चाललेली २०१९ ची गाडी आणि देवबागच्या एखाद्या खळ्यात झापांच्या मांडवाखाली उभी राहून अवघे आठ हजार किलोमीटर चाललेली २०२१ ची गाडी, यांत पहिली घ्यावी. दुसरीचा आकडा बोलका आहे, पण तो खोटे बोलतो.

जुनी हिमालयन घेणाऱ्याने गाडी पाहावयास जाताना अंगावरचे कपडे मळण्याची तयारी ठेवावी. रंग, टाकी, मिटर या गोष्टी विक्रेता पुसून ठेवतोच. आपण आडवे पडून खालून पाहावे: सायलेन्सरची नळी इंजिनापासून निघते तेथे गंजाची पापडी सुटते का, मागच्या एकमेव शॉकॲब्सॉर्बरला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या सांध्यांत ग्रीस आहे की लाल पीठ, स्पोकच्या टोकांच्या निपल फिरतात की जाम झाल्या आहेत. स्पोक एकेक करून स्क्रूड्रायव्हरने वाजवावा. ताठ स्पोक खणखणतो आणि सैल किंवा आतून कुजलेला स्पोक मंद आवाज देतो. मग मधल्या स्टँडवर गाडी घेऊन, पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. मध्यावर ते अडखळले तर हँडलच्या मुळाशी असलेल्या बेअरिंगात खाचा पडल्या आहेत असे समजावे. जुनीच्या पहिल्या वर्षांच्या गाड्यांत हा दोष बऱ्याच मालकांनी अनुभवला. शेवटी सीट काढून वायरिंगचे जोड उघडावेत. तांब्याच्या टाचण्यांवर हिरवट भुकटी दिसली, तर पुढील जूनमध्ये गाडी केव्हा आणि कोठे बंद पडेल याचा अंदाज बांधण्यास ज्योतिषी लागत नाही.

नव्या गाडीचे येथे काय होईल? तिच्यात थ्रॉटलची वायर नाही; मूठ फिरवली की संवेदक तो निरोप विजेने संगणकाकडे पोहोचवतो आणि संगणक झडप उघडतो. समोर नकाशे दाखविणारा चार इंची रंगीत पडदा आहे. जोड वाढले म्हणजे मिठाला शिरण्याच्या वाटा वाढल्या, असा एक युक्तिवाद, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण दुसरी बाजू अशी की नव्या गाड्यांचे जोड रबरी कड्यांनी बंद केलेले असतात, आणि उघड्या जुन्या जोडांपेक्षा ते पाणी चांगले अडवतात, जोपर्यंत एखादा अर्धवट शिकलेला मेकॅनिक हॉर्न किंवा फॉग-लाइट लावण्यासाठी मधोमध वायर सोलून टेप गुंडाळीत नाही तोपर्यंत. माझ्या मते किनाऱ्यावर नव्या गाडीचा घात समुद्र जितका करतो त्याहून अधिक ही टेप करते. मालकाने करावयाचे उपाय दोन्ही गाड्यांना समानच आहेत: समुद्राकाठून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणे, चेनला धुतल्यावर तेल, सांध्यांना पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीपूर्वी एकदा ग्रीस, आणि प्लास्टिकचे आवरण कदापि न घालणे, कारण त्याखाली ओल कोंडते व मिठाचे काम सुकर होते. मालवणच्या मच्छीमारांना आपल्या होडीच्या इंजिनांविषयी हे सगळे ठाऊक असते; तीच मंडळी मोटारसायकल मात्र वर्षभर ओसरीबाहेर उभी करतात.

जुनी म्हणताना आपण एकाच गाडीविषयी बोलतो असा समज असतो, तोही दुरुस्त केला पाहिजे. २०१६ च्या पहिल्या गाड्यांना कार्ब्युरेटर होता, आणि त्यांच्या बांधणीविषयी मालकांच्या तक्रारी बऱ्याच होत्या. २०१७ च्या एप्रिलपासून भारत स्टेज ४ चे नियम देशभर लागू झाल्यावर तिला फ्युएल इंजेक्शन मिळाले, २०१८ मध्ये एबीएस आले, आणि २०२० मध्ये भारत स्टेज ६ च्या आवृत्तीबरोबर मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याचे बटण आले. हे बटण किरकोळ वाटेल, पण आमच्या उतारांवर ते मोलाचे आहे. सुट्या खडीवर चाक थोडे जाम झाले की त्याच्या पुढे खडीचा ढीग साचतो आणि तोच गाडीला थांबवतो. एबीएस चाकाला जाम होऊच देत नाही, ढीग साचत नाही, आणि स्वार ब्रेक दाबूनही व्हाळाकडे निघालेला असतो. डांबरावर, विशेषतः पहिल्या पावसाच्या तेलकट डांबरावर, तेच एबीएस जीव वाचवते. म्हणून दोन्ही सोयी असलेली गाडी श्रेयस्कर. इंजेक्शनचे कौतुक करताना उंचावरच्या विरळ हवेत ते मिश्रण आपोआप जमवून घेते असे सांगतात. मालवण ते आंबोली एवढ्याच चढउतारात त्याचा लाभ नाममात्र आहे. त्याचा खरा लाभ आहे तो दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण पेट्रोल पंपावर आहे.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या मानाने सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा शास्त्राच्या हिशेबाने लिटरमागे सहा-सात टक्क्यांची तूट सर्वांनाच सोसावी लागते. शिवाय त्यात स्वतःचा प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ होते. धुराड्यातील प्राणवायू मोजणाऱ्या संवेदकाची गाडी ते काही अंशी सावरून घेते, कार्ब्युरेटरला ते कळतच नाही. आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. जुलै महिन्यात अर्धी टाकी भरून महिनाभर उभी ठेवलेली गाडी मालवणात सुरू झाली नाही, तर दोष बहुधा प्लगचा नसतो; टाकीच्या तळाशी जे पाणी आणि गंज बसलेला असतो त्याचा असतो. मुंबईला नोकरी करून गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी आणि गाडी ठेवून जाताना टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत ओल्या हवेला जागाच राहत नाही. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या नव्या इंधनासाठी केलेल्या नव्हत्या. त्या तपासून, फुगलेल्या वा भेगाळलेल्या दिसल्यास बदलाव्यात. २०२३ च्या एप्रिलनंतर बनलेल्या गाड्यांचे भाग या इंधनाचा विचार करून केलेले आहेत.

दुरुस्तीविषयी मात्र जुनीची बाजू बळकट आहे. तिच्या झडपांतले अंतर स्क्रू आणि नटाने जुळवता येते, म्हणजे फीलर गेज आणि धीर असलेला कोणताही बाजारपेठेतला मेकॅनिक ते करतो. नवीला त्यासाठी मापाच्या चकत्या लागतात, कॅमशाफ्ट काढावे लागतात, आणि बिघाड शोधावयाचा तर संगणक जोडावा लागतो. वेंगुर्ल्याच्या किंवा देवगडच्या माणसाने यासाठी गाडी टेम्पोत घालून शोरूमच्या गावी न्यावयाची म्हणजे एक दिवस आणि बरीच रक्कम गेली.

पैशाचा विचार करता २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून एक मोठा फेरबदल झालेला आहे. ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला, आणि त्यापुढील गाड्यांवरचा, पूर्वी उपकर धरून ३१ टक्के होता तो, ४० टक्क्यांवर चढला. नवी हिमालयन त्यामुळे महागली. परिणामी वापरलेल्या जुनीला भाव चढणे क्रमप्राप्तच आहे. विक्रेते वर्तमानपत्र वाचतात.

कागदपत्रांच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याचा एक खास प्रश्न आहे तो गोव्याचा. दोडामार्ग-सावंतवाडीकडील पुष्कळ मुले गोव्यात कामाला जातात आणि तेथे नोंदलेली गाडी स्वस्तात घेऊन येतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर येथे नव्याने नोंदणी करणे प्राप्त आहे; त्यासाठी मूळ कार्यालयाचा नमुना २८ मधील ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर भरल्याची पावती लागते, आणि तो कर धरला म्हणजे स्वस्ताईतले बरेचसे पाणी आटते. गाडी याच जिल्ह्यातील, एमएच ०७ ची असली तरी नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होऊन ओरोसच्या कार्यालयात मालकीचे हस्तांतर दप्तरी लागल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. नोंदणीच्या दाखल्यावर बँकेचा वा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर तो उतरवल्याचा नमुना ३५ आधी मागावा. हप्ते फिटलेत एवढ्या तोंडी आश्वासनावर इसार देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

मग घ्यावी कोणती? ज्याचे राहणे येथेच आहे, महिन्याकाठी घाटावर एखादी खेप आणि एरवी वाडी-बाजार एवढेच ज्याचे फिरणे, त्याने २०२१ ते २०२३ मधील अखेरच्या आवृत्तीची, शक्यतो घाटावर वाढलेली, जुनी हिमालयन शोधावी. कार्ब्युरेटरच्या गाडीच्या वाटेस हौस असल्याखेरीज जाऊ नये. ज्याला मुंबई, पुणे, बेळगाव असे लांबचे पल्ले वारंवार मारावयाचे आहेत, त्याने नवीच घ्यावी आणि दाबाचा फवारा गावातून हद्दपार करावा. पण मला विचाराल तर, किनाऱ्यावरच्या निम्म्याहून अधिक माणसांना यांतली कोणतीच गाडी लागत नाही. मे २०१९ मध्ये हीरोने ९७ हजार रुपयांपासून बाजारात आणलेली एक्सपल्स २००, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिला चार झडपा देऊन केलेली आवृत्ती, ही १५८ किलोंची गाडी पाणंदीत आडवी पडली तर एकट्या माणसाला उचलता येते. हिमालयनच्या बाबतीत त्यासाठी शेजाऱ्याला हाक मारावी लागते, आणि शेजारी हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. तिचे पुढचे चाकही २१ इंचांचे, पोटही २२० मिलिमीटर उंच, आणि हीरोचा मेकॅनिक कोणत्याही बाजारपेठेच्या गावी सापडतो. गंमत अशी की तिच्याही घरात हाच वाद शिरला आहे: जानेवारी २०२५ मध्ये आलेली एक्सपल्स २१० पाण्याने थंड होते, सहा गिअरांची आहे, शक्ती एकोणिसावरून साडेचोवीस अश्वशक्तींवर गेली, वजन दहा किलोंनी वाढले, आणि सर्वाधिक ओढ साडेसहा हजारांवरून सव्वासात हजार फेऱ्यांवर सरकली. तेथे मात्र मी जुनीच्या, म्हणजे चार झडपांच्या २०० च्या बाजूने निःसंकोच साक्ष देईन, कारण दोनशे घनसेंटिमीटरच्या गाडीने महामार्गाचे वेड घेऊन करावयाचे काय, हे मला अद्याप समजलेले नाही.

एन्फील्डने जुने इंजिन पुरते मोडीत काढलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याचा व्यास तीन मिलिमीटरांनी वाढवून, धाव तीच लांब ८६ ठेवून, सहावा गिअर जोडून ४४३ घनसेंटिमीटरचे केलेले ते इंजिन जानेवारी २०२५ मध्ये स्क्रॅम ४४० या गाडीत आले. जुनीची ओढ आणि महामार्गासाठी एक जादा गिअर, असे दोन्ही पक्षांचे समाधान करणारे हे मिश्रण कागदावर तरी आमच्या जिल्ह्यासाठीच केल्यासारखे वाटते. पण तिचे पुढचे चाक १९ इंचांचे केले आहे. ते दोन इंच कंपनीने कापले नसते, तर मी हा लेख लिहिण्याऐवजी ओरोसच्या कार्यालयात रांगेत उभा राहून नोंदणीचे नमुने भरीत असतो.